जीआरई पुन्हा द्यायची की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी, मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई ही परीक्षा एकदा देऊन झाली आहे, स्कोर हातात आहे आणि तरी मन स्वस्थ बसू देत नाही, अशांसाठी हे पान आहे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली. आधी पावणेचार तास लागायचे, आता १ तास ५८ मिनिटं लागतात. इथली सगळी चर्चा या नव्या परीक्षेला धरून आहे.

स्कोर अपेक्षेपेक्षा कमी आला. लगेच पुढची तारीख घेऊन टाकू का?

थांबा. आधी ती अपेक्षा आली कुठून ते बघा. मित्राला ३४० पैकी ३२८ मिळाले म्हणून मलाही तेवढे हवेत, ही अपेक्षा बाजूला ठेवून द्या. मित्र कुठे अर्ज करतोय, कशासाठी करतोय, त्याच्या बाकीच्या अर्जात काय आहे, यातलं काहीच तुमच्याशी जुळत नसेल. ‘३२० च्या वर तर हवेतच’ हाही असाच कुणीतरी सोडून दिलेला आकडा आहे. व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांट (गणित) यांची बेरीज विद्यापीठांतल्या बहुतेक विभागांच्या दृष्टीने निरर्थक असते, कारण संख्याशास्त्राच्या विभागाला क्वांट बघायचा असतो आणि इतिहासाच्या विभागाला व्हर्बल.

लक्षात घेण्याजोग्या अपेक्षा दोनच. एक तुमच्या स्वतःच्या शेवटच्या तीन-चार मॉकची, म्हणजे सराव परीक्षांची, सरासरी. दुसरी, तुम्ही अर्ज करणार आहात त्या विभागांनी स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला आकडा, दिला असेल तर.

मॉकमध्ये बरे गुण पडत होते, खऱ्या परीक्षेत घसरले. परत दिली तर वाढतील?

परत देण्यासाठी सगळ्यात भक्कम कारण हेच. मॉकची सरासरी क्वांटमध्ये १६४ होती आणि प्रत्यक्षात १५८ मिळाले, तर त्या दिवशी काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता मोठी आहे: झोप, घाबरणं, पहिल्या विभागात वेळ हातातून निसटणं. असा घसरलेला स्कोर पुढच्या वेळी आपल्या नेहमीच्या पातळीकडे सरकतो. संख्याशास्त्रातही हे जुनं आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हेच दाखवलं होतं की टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे झुकतं.

मात्र हा नियम उलट बाजूनेही लागू होतो, आणि ते कुणी सांगत नाही. मॉकची सरासरी १५९ असताना प्रत्यक्षात १६२ पडले असतील, तर तुम्हाला आधीच थोडी नशिबाची साथ मिळालेली आहे. अशा वेळी ‘अजून थोडं जोर लावला तर १६५’ म्हणून परत बसणाऱ्याच्या पदरात १६० पडण्याची शक्यता बरीच असते.

आणि मॉक आणि प्रत्यक्ष स्कोर सारखेच असतील तर? तर परीक्षेने तुम्हाला बरोबर मोजलंय. तयारीत खरोखर नवं काही घडल्याशिवाय तारीख घेण्यात अर्थ नाही.

मॉक कुठल्या धरायच्या?

ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पॉवरप्रेप. दोन फुकट मिळतात, ‘प्लस’ नावाच्या पैसे भरून मिळतात. खासगी कंपन्यांच्या मॉक सरावाला चांगल्या, पण त्यांचा स्कोर म्हणजे त्यांचा अंदाज. काही जण मुद्दाम अवघड काढतात, काही जण सोप्या. आणि सोडवून झालेली पॉवरप्रेप पुन्हा सोडवून आलेला स्कोर मोजूच नका. प्रश्न आठवत नाहीत असं वाटतं, पण उत्तराचा पर्याय ओळखीचा वाटतो आणि हात तिकडेच जातो.

जुन्या लांब परीक्षेच्या मॉकवर विसंबत असाल तर एक लक्षात ठेवा. तेव्हा क्वांटचे दोन विभाग प्रत्येकी २० प्रश्नांचे होते. आता १२ आणि १५, म्हणजे एकूण २७. प्रश्न कमी झाल्यामुळे एकेका चुकीचं वजन वाढलं.

३ गुण वाढले तर फरक पडेल का?

बहुतेक वेळा नाही. व्हर्बल आणि क्वांट प्रत्येकी १३० ते १७० मध्ये मोजले जातात आणि मोजमापातली स्वाभाविक चूक साधारण २ गुणांच्या घरात असते. दोन स्कोरांमधल्या फरकाची चूक त्याहून मोठी, ३ गुणांच्या आसपास. म्हणजे एकाच माणसाने, एकाच तयारीवर, दोन वेगळ्या दिवशी परीक्षा दिली तरी १५९ आणि १६२ असे आकडे सहज येऊ शकतात, आणि त्यातलं कुठलंच खोटं नसतं. छोट्या फरकांवरून उमेदवारांची तुलना करू नका, असं खुद्द ईटीएस विद्यापीठांना बजावते. विद्यापीठांतले सगळे विभाग ते पाळतात असं नाही, पण १६६ आणि १६८ मध्ये कुणी घुटमळत नाही हे नक्की.

अपवाद एक: ३ गुणांनी तुम्ही एखाद्या छापील किमान मर्यादेच्या या बाजूने त्या बाजूला जाणार असाल. मग त्या ३ गुणांना किंमत आहे.

मग किती स्कोर पुरेसा?

याचं एकच उत्तर कुणी देत असेल तर त्याचा क्लास आहे असं समजा.

यादीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं पान उघडा आणि तिथे जीआरईबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः उतरवून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण कितीतरी जणांचा प्रश्न इथेच सुटतो, कारण दहापैकी सहा ठिकाणी स्कोर मागतच नाहीत असं लक्षात येतं. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई काढून टाकली किंवा ऐच्छिक केली. मिशिगन विद्यापीठाच्या रॅकहॅम ग्रॅज्युएट स्कूलने तर पीएचडी प्रवेशासाठी ती सरसकट बंद केली. इतरत्र मात्र एकाच विद्यापीठातला एक विभाग ती मागत नाही आणि शेजारचा सक्तीने मागतो, असंही होतं. म्हणून ‘अमुक विद्यापीठाला जीआरई लागते का’ हा प्रश्नच चुकीचा. विभागाचं आणि पदवीचं नाव घेऊन विचारा.

जिथे सरासरी दिलेली असेल तिथेही ती नीट वाचा. सरासरी म्हणजे किमान नव्हे. प्रवेश मिळालेल्यांपैकी बरेच जण तिच्या खाली असतात. सरासरी १६६ आणि तुमचा १६३, तर दार बंद झालेलं नाही. सरासरी १६६ आणि तुमचा १५४, तर मात्र विचार करायला हवा.

पर्सेंटाइल बघायचा की स्कोर?

दोन्ही, पण वेगवेगळे. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या खाली आहेत तो आकडा. व्हर्बलचा १६५ आणि क्वांटचा १६५ हे कागदावर सारखे दिसतात, प्रत्यक्षात नाहीत. व्हर्बलमध्ये १६५ म्हणजे ९५ च्या आसपासचा पर्सेंटाइल. क्वांटमध्ये १६५ वाले इतके असतात की पर्सेंटाइल पुष्कळ खाली येतो. तिथे १७० पैकी १७० मिळवले तरी ९९ लागत नाही. त्यामुळे ‘माझे दोन्हीकडे १६२ आहेत, समतोल आहे’ असं म्हणणारा इंजिनिअरिंगचा उमेदवार प्रत्यक्षात व्हर्बलमध्ये चमकतोय आणि क्वांटमध्ये गर्दीत आहे.

शिवाय पर्सेंटाइलचा तक्ता ईटीएस दरवर्षी नव्याने काढते. दोन वर्षांपूर्वीचा तुमचा १६४ आजही १६४ च आहे, पण त्याच्यासमोरचा पर्सेंटाइल बदललेला असू शकतो. जुन्या लेखांतले तक्ते वापरू नका.

गुण का कमी पडले हे शोधायचं कसं?

रीटेकचा, म्हणजे परत देण्याचा, निर्णय खरा इथे होतो. माझी एक अट आहे: गुण कुठे गेले हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर तारीख घेऊ नका. ‘क्वांट कच्चं आहे’ हे उत्तर नव्हे. ‘पहिल्या विभागात शेवटच्या तीन प्रश्नांपर्यंत पोचलोच नाही’ हे उत्तर आहे.

परीक्षा झाल्यावर दोन दिवसांच्या आत, आठवतंय तोवर, कागद घेऊन बसा. कुठल्या विभागात वेळ कमी पडला? कुठे अंदाजाने पर्याय टिचकला? कुठल्या प्रश्नावर अडकून राहिलात? मग शेवटच्या दोन मॉक काढा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तीन खणांपैकी एकात टाका: विषयच येत नव्हता, येत होता पण फसलो, वेळ नव्हता.

मधला खण सगळ्यात फसवा असतो. उदाहरणच बघा. क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनचा प्रश्न: क्ष चा वर्ग १६ आहे. डावीकडे क्ष, उजवीकडे ४. कोण मोठं? घाईत असलेला उमेदवार दहा सेकंदांत ‘दोन्ही समान’ टिचकून पुढे जातो आणि मनात म्हणतो, वेळ वाचवला. पण क्ष उणे ४ सुद्धा असू शकतो, तेव्हा उजवी बाजू मोठी. म्हणून बरोबर उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’. हा प्रश्न चुकलेल्याला बीजगणित येत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण त्याने बीजगणिताची आणखी तीनशे गणितं सोडवली तरी ही चूक जाणार नाही. त्याला ऋण संख्या, शून्य आणि अपूर्णांक घालून बघण्याची सवय लावून घ्यायची आहे. ती तीन आठवड्यांत लागते. अशा चुका जास्त असतील तर रीटेक फायद्याचा.

‘विषयच येत नव्हता’ हा खण भरलेला असेल तर जास्त वेळ लागेल, पण वाढही मोठी होते. संभाव्यता आणि क्रमचय-संचय शाळेनंतर हातच लावला नसेल, तर तिथे गुण पडून आहेत.

वेळेचा खण मात्र आकड्यांनी तपासा. क्वांटच्या पहिल्या विभागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६. म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटं. व्हर्बलमध्ये १२ प्रश्नांना १८ आणि १५ ना २३, म्हणजे साधारण दीड मिनिट, त्यातच उतारे वाचायचे. आता एका प्रश्नावर पाच मिनिटं बसलात तर जवळजवळ तीन प्रश्नांचा वेळ खाल्लात. विभागातल्या सगळ्या प्रश्नांना सारखंच वजन असतं, चुकीला गुण कापत नाहीत, आणि खूण करून पुढे जाऊन परत येता येतं. तरी माणसं अडून बसतात, कारण शाळेपासून सवय तीच आहे. पहिल्या विभागात असं झालं तर त्याचा फटका दुप्पट, कारण पहिल्या विभागातल्या कामगिरीवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिला गडगडला की दुसरा सोपा येतो, आणि सोप्या विभागात कितीही बरोबर सोडवलं तरी वरच्या स्कोरपर्यंत पोचता येत नाही.

व्हर्बलचं निदान वेगळं. शब्द अडले की वाक्य अडलं, हे आधी वेगळं करा. चुकलेल्या टेक्स्ट कम्प्लीशनमधल्या (गाळलेली जागा भरण्याच्या प्रश्नातल्या) सगळ्या पर्यायांचे अर्थ शब्दकोशातून लिहून काढा आणि प्रश्न परत सोडवा. आता बरोबर आला तर शब्दसंग्रह कमी आहे. तरीही चुकला तर शब्दांच्या आणखी यादी पाठ करून काही होणार नाही. वाक्यातलं ‘तरीही’, ‘म्हणूनच’, ‘वरकरणी’ या अर्थाचं वळण तुमच्या नजरेतून सुटतंय.

जिथे जीआरई ऐच्छिक आहे तिथे कमी स्कोर पाठवायचा का? की परत देऊन चांगला पाठवू?

‘ऐच्छिक’ हा शब्द खूप काही झाकतो. काही ठिकाणी स्कोर आला तरी बघत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे पाठवूच नका. काही ठिकाणी खरोखर ऐच्छिक असतं. आणि काही ठिकाणी ‘ऐच्छिक, पण शिफारस करतो’ असं असतं, तिथे चांगला स्कोर असेल तर पाठवलेला बरा.

माझा साधा हिशोब असा: स्कोर अर्जातल्या एखाद्या शंकेला उत्तर देत असेल तरच पाठवा. साहित्याच्या पदवीवरून अर्थशास्त्राकडे वळताय आणि क्वांट १६७ आहे? पाठवा. अशा वेळी रीटेकसुद्धा समजू शकतो. गणितात सगळीकडे उत्तम ग्रेड आहेत आणि क्वांट १६४? तो आकडा नवीन काही सांगत नाही. त्यासाठी परत परीक्षा देणं म्हणजे ज्या खोलीत उजेड आहे तिथेच आणखी एक दिवा लावणं.

ग्रेड कमी आहेत. जीआरईने भरून निघतील का?

थोड्याफार. पदवीच्या पहिल्या वर्षी घसरलेल्या आणि नंतर सावरलेल्या उमेदवाराला चांगला क्वांट साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. चार वर्षांच्या कमी ग्रेडना दोन तासांची परीक्षा उत्तर देऊ शकत नाही.

प्रवेश समित्या या आकड्याकडे का बघतात आणि किती बघतात, यावर संशोधनही झालेलं आहे. कुन्सेल, हेझलेट आणि वन्स यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की जीआरईचा पुढच्या ग्रेडशी संबंध असतो. २०१७ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जैववैद्यकीय पीएचडी विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात मात्र मुख्यतः ग्रेडशी संबंध दिसला, तोही माफक. पीएचडी पूर्ण होणं, त्याला लागणारा काळ, शोधनिबंधांची संख्या, यांच्याशी दिसला नाही. त्यामुळे वर्गात बसून परीक्षा देण्याचा भाग मोठा असलेल्या मास्टर्सला स्कोरचं महत्त्व थोडं जास्त आणि संशोधनाला कमी, असं मी तरी धरून चालतो. पीएचडीच्या अर्जात शिफारसपत्रं आणि संशोधनाचा अनुभव यांच्या मागे स्कोर उभा असतो, पुढे नाही.

किती दिवसांनी आणि किती वेळा देता येते?

दर २१ दिवसांनी एकदा, आणि सलग १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा. रद्द केलेला स्कोरही या मोजणीत धरतात. प्रत्येक वेळी फी वेगळी भरावी लागते.

दुसऱ्यांदा स्कोर कमी आला तर? विद्यापीठांना पहिला-दुसरा सगळं दिसतं का?

तुम्ही निवडाल तेवढंच दिसतं. स्कोर सिलेक्ट नावाची सोय आहे. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर व्हर्बल आणि क्वांटचे अनधिकृत आकडे पडद्यावर दिसतात. मग चार ठिकाणी फुकट पाठवता येतं, आणि तिथे फक्त आजचा की सगळे हे निवडायचं असतं. नंतर पैसे भरून पाठवताना कुठल्याही एका किंवा अनेक तारखांचे स्कोर निवडता येतात. न पाठवलेल्या परीक्षांचा रिपोर्टवर उल्लेख येत नाही. एखादा विभाग किंवा अर्जाचा फॉर्म मात्र सगळे प्रयत्न नोंदवायला सांगत असेल, तर खरं ते लिहा. तिथे लपवाछपवी अंगाशी येते.

पहिल्या वेळी व्हर्बल चांगला, दुसऱ्या वेळी क्वांट. दोन्हीतले चांगले जोडता येतात का?

ईटीएस जोडून देत नाही. रिपोर्टवर प्रत्येक तारखेचे सगळे विभाग एकत्रच जातात. विद्यापीठांतले काही विभाग आपल्या बाजूने दोन तारखांमधले चांगले आकडे धरतात, काही एकच तारीख बघतात. कुठे काय चालतं हे त्यांना ईमेलने विचारता येतं आणि उत्तर येतं. दोन्ही तारखा पाठवायच्या असतील तर आधी हे विचारा.

परीक्षा वाईट गेली असं वाटलं तर स्कोर रद्द करावा का?

नाही. रद्द करायचं की ठेवायचं हे स्कोर दिसण्याआधी विचारतात, आणि वाईट गेली असं वाटणं हा फारच कच्चा पुरावा आहे. दुसरा विभाग अवघड आला म्हणून घाबरलेल्याचा पहिला विभाग मुळात उत्तम गेलेला असतो. शिवाय रद्द केलं की सगळंच रद्द होतं, फक्त एक विभाग नाही, आणि आपण कुठे चुकलो हे कळण्याचा मार्गही बंद. स्कोर कुणालाच न पाठवण्याची मुभा असताना रद्द कशाला? रद्द केलेला स्कोर ६० दिवसांच्या आत फी भरून परत मिळवता येतो, पण तो खर्च टळलेला बरा.

डेडलाइन जवळ आली आहे. वेळ पुरेल का?

मागून मोजा. अधिकृत स्कोर परीक्षेनंतर ८ ते १० दिवसांत येतो. १५ डिसेंबरची डेडलाइन असेल तर परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या अलीकडे हवी. त्याआधी सहा ते आठ आठवड्यांचा अभ्यास धरला तर सप्टेंबरअखेर निर्णय झालेला हवा. इथपर्यंत गणित सोपं आहे.

अवघड आहे ते याच आठवड्यांत बाकी काय काय उरकायचं असतं ते. एसओपीचा, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाचा, पहिला मसुदा कुणालाच आवडत नाही, लिहिणाऱ्यालाही. तो चौथ्या-पाचव्या हातावर वाचण्याजोगा होतो आणि मधे काही दिवस पडून राहावा लागतो. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना महिनाभर आधी कळवावं लागतं, त्यांना तुमचं काम आठवून द्यावं लागतं, मग दोनदा नम्रपणे आठवण करावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोज तीन तास क्वांट करणारा उमेदवार एसओपी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन रात्रींत लिहितो. ती वाचताना कळतं. ४ गुण वाढतात आणि अर्ज एकूण कमकुवत होतो.

म्हणून नोव्हेंबर उजाडला असेल आणि एसओपी कोरी असेल, तर स्कोर किमान मर्यादेच्या खाली नसल्यास रीटेकचा नाद सोडा.

एडब्ल्यूए, म्हणजे निबंधाचा गुण, ३.० आला. फक्त त्यासाठी द्यावी का?

नाही. लेखनप्रधान विषयांत किंवा कुणी ठरावीक किमान लिहिलेलं असेल तरच विचार करा. इतर कारणाने परत देतच असाल, तर ईटीएसने निबंधाचे सगळे संभाव्य विषय संकेतस्थळावर उघड ठेवले आहेत. त्यातले आठ-दहा तीस मिनिटांत लिहून बघा. एवढ्याने अर्धा-एक गुण हलू शकतो.

जीआरई सोडून जीमॅट देऊ का?

जीमॅट ही व्यवस्थापनाच्या पदव्यांसाठीची प्रवेश परीक्षा, त्यामुळे फक्त व्यवस्थापन आणि त्याच्या आसपासच्या पदव्यांसाठी हा प्रश्न आहे. जीमॅटही नोव्हेंबर २०२३ पासून बदलली: ४५ मिनिटांचे तीन विभाग, निबंध नाही, एकूण स्कोर २०५ ते ८०५. अवघड इंग्रजी शब्दांमुळे जीआरई व्हर्बल अडत असेल तर जीमॅटमध्ये ते संकट नाही. तिथे वाचन आणि तर्क आहे. पण क्वांटला कॅल्क्युलेटर मिळत नाही, आणि डेटा इनसाइट्स हा तक्ते-आलेख वाचून उत्तरं काढण्याचा विभाग सवय नसलेल्याला दमवतो. आधी दोन्हींची एकेक अधिकृत मॉक द्या. पर्सेंटाइलमध्ये ठळक फरक दिसला तरच बदला. दोन परीक्षांमध्ये हेलकावे खात बसलात तर दोन्हीकडचा अभ्यास अर्धवट राहतो.

पहिल्यांदा केंद्रावर दिली. रीटेक घरून दिला तर बरं पडेल?

परीक्षा तीच आहे. घरून देताना साधा कागद वापरता येत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेला कागद आणि पुसता येणारं मार्कर लागतं. क्वांटमध्ये पानभर कच्चं काम करणाऱ्यांना हे जड जातं. शिवाय खोलीत कुणी आलं, इंटरनेट गेलं, की सगळा मूड जातो. घर खरंच शांत असेल आणि केंद्र फार लांब असेल तर द्या, नाहीतर केंद्र बरं.

दोनदा दिली, दोन्ही स्कोर जवळपास सारखे. तिसऱ्यांदा?

दोन स्कोर सारखे येणं म्हणजे पातळी पक्की कळणं. तिसऱ्यांदा द्यायची असेल तर अभ्यासाची पद्धत बदलल्याचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे न पाहिलेल्या अधिकृत मॉकमध्ये ४-५ गुणांची वाढ. तेच पुस्तक, तेच व्हिडिओ, ‘या वेळी जास्त मन लावून’, हा पुरावा नाही. त्यापेक्षा विद्यापीठांची यादी बदला. स्कोर न मागणारे चांगले विभाग दोन-तीन वाढवायला एक दुपार पुरते.

घरचे म्हणतात, ‘अजून एकदा देऊन बघ, काय बिघडतंय?’

बिघडतात ते सहा आठवडे. त्यांना यादी दाखवा: कुठे स्कोर लागतो, कुठे नाही, लागतो तिथे तुमचा आकडा कुठे बसतो. कागद समोर असला की वाद लवकर मिटतो.

नोकरी करून अर्ज करतोय, जुना स्कोर चालेल का?

परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षं चालतो. लांब परीक्षेतला स्कोरही त्याच १३० ते १७० च्या मापात आहे, त्यामुळे कमी लेखला जात नाही. मात्र मुदत डेडलाइनच्या आसपास संपत असेल तर संपण्याआधीच विद्यापीठांना पाठवून ठेवा, म्हणजे केवळ तारखेपायी परत द्यावी लागणार नाही.

तारीख घेऊन बसलोय, आता वाटतंय नको.

परीक्षेच्या किमान चार दिवस आधी रद्द केली तर फीचा काही भाग परत मिळतो, पुढे ढकलली तर वेगळं शुल्क पडतं. चार दिवसांच्या आत आलात तर पैसे गेले. तेव्हा आजच एक न पाहिलेली पॉवरप्रेप वेळ लावून सोडवा. पहिल्या खऱ्या स्कोरपेक्षा ४ गुण वर दिसले तर जा. नाही दिसले तर रद्द करा आणि एसओपी उघडा.